टोपाखालचा चेहरा

क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

मा. शिल्पकार यांस,
सादर नमस्कार.

तुमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेममधल्या ‘अडसर’ या बाईची, परीक्षणासाठी पाठवलेली फिगर मिळाली. संग्राहकांसाठी चालणाऱ्या एका वेबसाइटसाठी मी अशा फिगर तपासते. ठरलेल्या नमुन्यातला इंग्रजी अहवाल याच पाकिटात आहे. हे पत्र वेगळं. तुमचं नाव सांगायची परवानगी नाही, असं कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या. पण तुम्हाला मराठी येतं आणि पत्र आलं तर त्या पोचवतील, असंही म्हणाल्या.

अहवाल चांगला आहे. रंग कुठं ओघळलेला नाही. लुगड्याचा काष्टा आणि त्यावरचं चिलखत दोन्ही शोभतं. आधार न देता बाई पायांवर घट्ट उभी राहते. दोन दोष मात्र काढले आहेत. उजवा हात खांद्यातून हलत नाही. बाकीचे सगळे सांधे फिरतात, हा एकच हात दार अडवल्यासारखा आडवा राहतो. हलत्या सांध्यांची म्हणून विकायच्या बाहुलीला हे चालत नाही. दुसरं, पाठीकडून काम कोरं आहे. समोरून लुगड्याची चुणी न् चुणी दिसते आणि मागं नुसतं सपाट प्लॅस्टिक.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

डोक्यावरचा टोप निघतो असं खोक्यावर कुठंच लिहिलेलं नाही. पण मानेपाशी बारीक फट दिसली. अशी फट दिसली की बघणं हे माझं कामच आहे. केस वाळवायच्या मशीननं जरा ऊब दिली आणि टोप उचलला. त्याच्या खाली माझी आई होती.

मी शब्द जपून वापरते. ‘आईसारखी’ असं मला म्हणायचं नाही. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे, त्यातला मधला ठिपका फिका. डाव्या भुवईत केस नसलेली बारीक रेघ आहे. आणि डाव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली आहे. माझ्या आईचा कान लहानपणी फाटला, बैलाच्या शिंगात डूल अडकून. तेव्हापासून तिचा पदर त्या कानावरून कधी सरकला नाही. शेजारणींनासुद्धा ते माहीत नाही. ती फोटो काढू देत नाही.

तुम्ही तिला कुठं पाहिलंत? कुणी फोटो दिले? तुमचा तो ‘नऊ वेशी’ खेळ मी काल पहिल्यांदा पाहिला. घराकडं परत निघालेला माणूस एकेक वेस ओलांडत येतो आणि शेवटच्या वेशीत ही बाई हात आडवा करून उभी असते. तिला पाडल्याशिवाय आत जाता येत नाही. माझ्या आईला रोज किती तरी पोरं पाडत असतील. तिला यातलं काही माहीत नाही. मी अजून सांगितलेलं नाही.

उत्तराची वाट बघते.

आपली,
श्रेया काळे


हैदराबाद
१७ जानेवारी २०२५

श्रीमती काळे यांस,
नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं. पण हा चेहरा कुणाचाही नाही. वेरूळला लेण्यांत बसून मी पूर्वी पुष्कळ रेखाटनं केली होती. ते दगडातले चेहरे आणि बाजारहाटाला दिसणाऱ्या बायका यांतून तो आपोआप तयार झाला. गोंदण तर आपल्या भागात घरोघरी असतं. कानाचं म्हणाल तर तो साच्यातला दोष आहे. टोपाखाली जाणार म्हणून दुरुस्त केला नाही.

उजव्या हाताची खोट मला मान्य नाही. तो मुद्दाम तसा केला आहे. अडसराचा हात कधीच खाली येत नाही, तीच तिची ओळख. पाठीबद्दल आपलं बरोबर आहे. ती मी कधी पाहिली नाही, म्हणजे मनात नीट आणली नाही.

कृपा करून आपल्या आईंना हे दाखवू नका. त्यांची तब्येत कशी असते? मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूला आता वर्दळ वाढली असेल. रूळ ओलांडताना त्यांना जपायला सांगा.

आपला,
शिल्पकार


क्रांती चौक
२४ जानेवारी

दादा,

मुकुंदवाडी मी लिहिलं नव्हतं. माझ्या पत्रावर क्रांती चौकातल्या ऑफिसचा पत्ता आहे. माय कुठं राहते हे मी तुला सांगितलेलंच नाही.

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं. सत्यम, माझे यजमान, ऑफिसातल्या शेजारच्या खोलीत होते, त्यांना हाक मारली. ते आले तेव्हा मी त्यांना इतकंच म्हटलं, “माझा भाऊ जिता आहे.” त्यांनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं, मला ताप आलाय.

तुझा दहावा झालाय, दादा. तुला हे कोण सांगणार, म्हणून मीच सांगते. तू गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी करमाडचा एक जण सुरतेहून आला. कापडाच्या कारखान्याला आग लागली, त्यात सोमनाथ गेला, अंगावरच्या कपड्यांवरून ओळखला, असं त्यानं अण्णांना सांगितलं. बाप असून अण्णांनी जास्त विचारपूस केली नाही. गोदावरीवर जाऊन सगळं उरकून आले. त्या दिवशी माय घरात थांबलीच नाही. विळा घेऊन शेतात गेली आणि दिवसभर गवत कापत बसली. कुणी बोलवायला गेलं तर म्हणायची, “माझं काम आटपू द्या.” तिनं ते मानलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. तुझं नाव ती घेत नाही.

म्हणून पहिल्या पत्रात मी तुझा विचारही केला नव्हता. मेलेल्या माणसावर संशय कसा घेणार?

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. माय मुकुंदवाडीच्या घरी एकटी असते. मी एक दिवसाआड जाते. ती बरी आहे.

अकरा वर्षं तू एक ओळ लिहिली नाहीस, त्याचं मी पुढं कधी तरी विचारीन. आज एकच विचारते. सगळ्या जगात तुला वाईट बाई करायला आपली मायच सापडली का? ती फिगर माझ्या टेबलावर आहे. तिच्या तोंडाकडं बघवत नाही मला. इतका कसला राग आहे तुझा तिच्यावर?

श्रेया


हैदराबाद
५ फेब्रुवारी

शिरी,

तुझं पत्र तीन-चारदा वाचलं. दहाव्याचं वाचून मी हातातलं काम टाकून बाहेर गेलो आणि रस्त्यावर बराच वेळ चालत राहिलो. लोक अंगावरून जात होते, मला कुणी हटकलं नाही. मी सुरतेला कधी गेलोच नव्हतो. कुणाला तरी माझ्या नावानं पोचवलं तुम्ही. तो कोण होता कुणास ठाऊक.

पाकिटावर ‘श्रेया’ वाचलं तेव्हाच तू डोळ्यांपुढं आलीस. तरी म्हटलं, जगात श्रेया पुष्कळ असतील. पत्रात कानाचं वाचलं आणि पुढं खोटं लिहायला बसलो. तेही धड जमलं नाही.

राग कसला, ते विचारतेस. तू तेव्हा बारावीत होतीस. तुला किती कळलं होतं मला माहीत नाही, म्हणून सगळंच लिहितो. आपले चुलते नाना दारू पिऊन ट्रॅक्टर चालवत शेतातून येत होते. मी मागं ट्रॉलीत होतो. रस्त्याच्या कडेनं पारूबाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. ती चाकाखाली येऊन जागीच गेली. ट्रॅक्टर बांधाला लागून थांबेपर्यंत नानांना कळलंही नाही. आणि घरी सगळ्यांनी ठरवलं की धोंडिबा चालवत होता असं सांगायचं. धोंडिबा त्या दिवशी त्याच्या सासुरवाडीला होता, तरी गडी म्हणून तो हो म्हणाला. त्याच्या लेकराबाळांचं आम्ही बघू, असं अण्णांनी त्याला सांगितलं होतं. मी ठाण्यात जाऊन जे पाहिलं ते लिहून दिलं.

दिवस मावळायला घरी आलो. अंगणात पोचलो तर माय दारात. उजवा हात चौकटीला टेकवलेला, आडवा. मी म्हटलं, “माय, सरक, आत येऊ दे.” ती म्हणाली, “जा इथून. परत इकडं फिरकायचं नाय. माझ्यासाठी तू मेला.” असं ओरडून की समोरच्या घरातले बाहेर आले. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. ते तोंड मला पाठ झालं, शिरी. अण्णा किंवा नाना बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं. पण खरं बोललो म्हणून मायनं मला दारातून हाकललं. सख्ख्या मायनं.

इथं आलो, पडेल ते काम केलं, मग मातीचे मुखवटे, मग कॉम्प्युटरवर मूर्ती घडवायला शिकलो. दोन वर्षांपूर्वी कंपनीत म्हणाले, शेवटच्या वेशीत अशी बाई पाहिजे जी कुणालाही आत सोडत नाही. मला कागद घ्यावा लागला नाही. कानही तसाच झाला. तो दिसला तेव्हा माझी मलाच लाज वाटली, म्हणून वरून टोप घातला. पण पुसून टाकता आला नाही.

होय, राग होता. अजूनही असेल. अण्णांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं नाही, हेही तुला सांगून ठेवतो.

सोमनाथ


क्रांती चौक
१२ फेब्रुवारी

दादा,

तू बाहेरून बघितलंस. मी आत होते.

आतलं लिहिते. तू ठाण्यात गेल्याचं नानांना दुपारीच कळलं होतं. अण्णा आणि नाना दोघं घरात बसले होते. मला मायनं धान्याच्या खोलीत कोंडलं, पण त्या दाराला फट आहे, तुला आठवत असेल. अण्णांच्या हातात पहार होती. विहिरीवरची. नाना म्हणत होते, “आज तो आत आला की भायेर जाणार नाय.” तुझी फटफटी वाजली तशी माय उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. तू समोर होतास, मागं अण्णा होते, पहार घेऊन. मधे ती.

तिनं हात तुला अडवायला धरला नव्हता. त्यांना अडवायला धरला होता. ती ओरडली ते त्यांना ऐकू जावं म्हणून, म्हणजे पोरगा तुटला असं वाटून ते थांबतील. ते थांबले नाहीत. तू वळलास, फटफटी सुरू केलीस, तेव्हा अण्णा दाराकडं धावले. ती सरकली नाही. पहार तिच्या उजव्या खांद्यावर मागून बसली. आवाज मला अजून ऐकू येतो. ती खाली बसली, पण हात चौकटीवरनं काढला नाही. तुझी गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काढला नाही.

गुरांच्या माळ्यावरून पडली असं दवाखान्यात सांगितलं. खांद्याचं हाड बसवलं, पण नीट बसलं नाही. तिचा तो हात आता खांद्याच्या वर जात नाही, दादा. वेणी घालता येत नाही तिला. शेजारची रत्नमाला घालून देते, मी असले की मी.

मी तेव्हा म्हटलं होतं, आपण दादाला शोधू, त्याला सांगू. तर माय म्हणाली, “त्याला सांगशील तर तो माघारी यील, आन् हे त्याला जिता ठेवायचे नाय. त्याला माझा राग येऊ दे. रागानं का होईना, लांब राहील.” तिनं मला तिच्या गळ्याची शपथ घातली. आज ती मी मोडली.

धोंडिबा तुझ्या जबाबामुळं सुटला. नानांना शिक्षा झाली. आता सुटून आलेत, समोरच्याच घरात राहतात.

माझ्या अहवालात मी लिहिलं होतं, पाठीकडून काम कोरं आहे. ते वाक्य लिहिताना मला काहीच कळलं नव्हतं.

श्रेया


हैदराबाद
१८ फेब्रुवारी

शिरी,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस कामावर गेलो नाही. काल गेलो तर टेबलावर त्याच मूर्तीचे नवे नमुने येऊन पडलेले, एका रांगेत, सगळ्यांचे हात आडवे. मी तिथून उठलो तो घरी आलो.

अकरा वर्षं मी तिच्याशी मनातल्या मनात भांडलो. रोज. दात घासताना, बसमध्ये, जेवताना. आणि ती तिकडं दुसऱ्याकडून वेणी घालून घेत होती.

मी येतो. रविवारी, २ मार्चला निघतो. मला नानांची भीती नाही. तू मायला आधी काही सांगू नकोस, मी स्वतः तिच्या पायाशी बसून सांगेन.

सोमनाथ


मुकुंदवाडी
२२ फेब्रुवारी

दादा,

निघू नकोस. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच मी तिला सांगून बसले होते. राहवलं नाही.

फिगर पिशवीत घेऊन गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मी टोप काढला आणि तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला. आधी लुगडं बघितलं, मग हनुवटी. मग अंगठ्यानं डावा कान चाचपला, बाहुलीचा. तिचा पदर आपोआप कानावर गेला. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग विचारलं, “सोम्या जिता हाय?” मी मान हलवली. तिनं फिगर लसणाच्या सुपात ठेवली आणि आत जाऊन तोंड धुऊन आली. रडली असेल तर मला दिसलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं, खेळाचंसुद्धा. मला वाटलं चिडेल. ती एवढंच म्हणाली, “मंग येतंय का कुणी आत, मला पाडून?” मी म्हटलं, येतात. “मंग बरंय.”

शपथ मोडल्याबद्दल मात्र दोन तास माझ्याशी बोलली नाही.

खालचं तिनं सांगितलं तसंच लिहिते, माझा शब्द नाही:

“सोम्या, तू येऊ नको. तुझा नाना समोरच हाय, त्याचं डोकं अजून ठिकाणावर नाय. लेकीला आन् जावयाला इथं राहायचंय, तमाशा नको. तू आलास आन् काय झालं तर एवढी वर्सं मी काय केलं मंग? मीच येते. सत्यम तिकीट काढून देणार हाय. मला एकटीला गाडीत बसवा म्हणलं, कुणी संगं नको. लई लोक येत्यात जात्यात, मी काय लेकरू हाय व्हय. तू फकस्त ठेसनावर ये. आन् बाहुलीबद्दल माफी-बिफी मागायची नाय. मला बोलायचंय तुझ्याशी, तुझं रडं ऐकायचं नाय.”

माय येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. शनिवारी सकाळी पोचेल. हिरवं लुगडं असेल.

श्रेया


हैदराबाद
२ मार्च

शिरी,

माय पोचली. फोनवर तुझ्याशी तिनं दोन शब्द बोलून ठेवून दिला, म्हणून तुला काही कळलं नसणार.

मी गाडीच्या आधी तासभर जाऊन थांबलो होतो. गाडी लागली. डब्याच्या दारात ती दिसली, हिरवं लुगडं, डाव्या हातात पिशवी, उजवा अंगाला चिकटलेला. मी तिच्याकडं चालत गेलो. अगदी समोर उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “भाऊ, भायेर जायचा रस्ता कुठून हाय? माझा पोरगा यायचाय, तो भायेर थांबला असंल.”

मी तुला खरं सांगतो. तिचा फिका ठिपकासुद्धा मला आठवत होता आणि तिनं मला ओळखलं नव्हतं. माझे केस गेलेत, दाढी पांढरी झालीय, चष्मा आहे, मान्य. पण हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी नुसतं बोटानं जिना दाखवला. ती “बरं” म्हणून चालायला लागली. चार-सहा पावलं गेली असेल, मग मी म्हटलं, “माय.”

ती वळली. पिशवी खाली ठेवली. माझ्याकडं बघत बघत तिथंच खाली बसली, फलाटावर, लोकांच्या पायांत. लोक गोळा झाले, कुणी पाण्याची बाटली आणली, एक हमाल म्हणाला, “अम्मा को चक्कर आया क्या?” ती त्याला म्हणाली, “नाय रे बाबा, बसू दे मला.” मी तिच्या शेजारी बसलो. तिनं माझं तोंड डाव्या हातानं धरलं आणि इकडून तिकडून बघितलं, तू जशी तुझ्या कामाची वस्तू बघत असशील तसं. कपाळ, नाक, कान. मग म्हणाली, “असा झालास व्हय तू.” त्याच्यापुढं आम्ही दोघं किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही.

माफी मागायची नाही असं तिनं सांगितलं होतं, ते मी पाळलं. तिचा खांदा बघितला. तिनं बघू दिला. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

कंपनीत मी सांगून आलो की त्या बाहुलीचा चेहरा बदलावा लागेल. का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, ज्यांचा आहे त्यांना विचारलेलं नव्हतं. काय होईल बघू, नोकरीवरही येईल. मायला सांगितलं तर म्हणाली, चेहरा राहू दे, पण पोरगं दारातून जाताना तिला काही तरी बोलू दे, मुकी ठेवू नका. आता हे मी कंपनीला कसं समजावू?

आज सकाळपासून ती खिडकीपाशी बसलीय. पहिल्या दिवशी रात्री कुठं झोपलास, तिथून सांग, म्हणाली. काय खाल्लं, कुणी दिलं, अंगावर काय होतं, सगळं विचारते. मधे चहा करून आणला, तो निवून गेला. दुपार झाली, जेवण झालं, आणि माझ्या सांगण्यात मी अजून नांदेडच्या धर्मशाळेतच आहे. हे पत्र लिहायला उठलो तर तिकडून हाक आली.

“लिहून झालं का? पुढं सांग.”

तुझा,
दादा